मझार कोनी शे का?

भुताखेतांच्या गप्पांना हसणारी बाई मी. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

अमावस्या वगैरे काही नव्हती. मार्चमधला साधा मंगळवार, दिवेलागणीची वेळ. जळगावजवळ असोद्याला माझ्या काकांचं, रतिलालकाकांचं, केळी पिकवायचं चेंबर आहे. केळी भरायची, दार बाहेरून लावायचं, आत गॅस सोडायचा. त्यात माणूस अडकला तर गुदमरून मरेल.

म्हणून दार लावण्याआधी चेंबरवरचे जुने कामगार तोतारामनाना आत तोंड घालून हाळी द्यायचे. नाना साक्रीकडचे, बोली अहिराणी. "मझार कोनी शे का?" म्हणजे, आत कोणी आहे का? उत्तर आलं नाही तरी पुन्हा एकदा विचारायचे.

दिवाळीत नाना वारले. आपल्या घरी, झोपेत.

मग काकांनी मला बोलावलं, कारण मी सॉफ्टवेअर लिहिते. दार लागलं की कॉम्प्युटरनेच विचारायचं, 'आत कोणी आहे का?'

पण प्रोग्रॅम अडत होता. त्यातली कामं वेगवेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या वेगळ्या रांगांमध्ये, चालतात, पण पडद्यावर प्रश्नाची चौकट दाखवायची ती फक्त मुख्य थ्रेडने. माझी चौकट दाराच्या सेन्सरच्या थ्रेडमधून निघत होती, आणि सगळं गोठायचं. वैतागून मी ती ओळच काढून टाकली. उद्या नीट लिहू म्हटलं.

"माल थांबनार नाही, पोरी," काका म्हणाले. "मी डोकावून आलो. नवीनबी ट्रककडे गेला. आत कोनी नाही. कर चालू."

नवीन त्यांचा एकुलता मुलगा.

काकांनी दार लावलं. मी बटण दाबलं.

पडदा गोठला...

माउस हलेना. गॅस सुटलाच नाही. सतत घुमणारे पंखे... तेही थांबले.

आणि चौकट आली.

गोठलेल्या प्रोग्रॅममधून चौकट येऊच शकत नाही. त्यात मी ती काढून टाकलेली. आणि आतली अक्षरं...

'मझार कोनी शे का?'

मी खुर्ची मागे ढकलून उठले.

"काका, दार उघडा."

"अगं, मी बघितलं ना..."

"आधी उघडा."

क्रेटच्या थप्पीमागून नवीन बाहेर आला. तापमान बघायला मागच्या भिंतीपाशी गेला आणि दार लागलं. पंख्यांच्या आवाजात त्याच्या हाका आम्हाला ऐकूच आल्या नव्हत्या. काकांनी त्याला पोटाशी धरलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

"पंखे थांबले आणि दारातून नानांची हाळी आली," नवीन म्हणाला. "दोनदा आली. मी 'हो' म्हटलं."

पुढे मी प्रोग्रॅम नीट लिहिला. चौकट आता मुख्य थ्रेडमधूनच येते, माझ्याच शब्दांत. खाली 'हो' आणि 'नाही'.

काल चाचणी घेतली. चेंबर पूर्ण रिकामं, क्रेटसुद्धा नव्हते. कोपरान्‌कोपरा मी स्वतः पाहिला. बाहेर येऊन दार लावलं आणि 'नाही' दाबलं.

चौकट मिटली...

तिच्या जागी दुसरी आली. ती मी कधी लिहिलेलीच नाही.

'मी शे.'

काकांनी पडद्यापुढे हात जोडले आणि जाऊन दार उघडलं.

ते अजून उघडंच आहे. लावायला कोणी धजत नाही.