फुलवंताचा वाटा

अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकात मी सानगडीहून सायकलवर लुगडी घेऊन एकोडीला भैय्यालालकडे गेलो होतो. आमच्या मागावरची लुगडी नेहमीच त्याच्या घरी जात. धान कापणीला आलं होतं आणि रानडुकरं रोज बांध्या तुडवत होती, म्हणून गावानं दुपारी हाका काढला होता, डफ वाजवत डुकरांना झाडीतून भालेवाल्यांपुढं हुसकायला.

"चाल, माझ्यासंगं उभा राह्य," भैय्यालाल म्हणाला आणि एक भाला माझ्या हातात दिला.

नाल्याच्या तोंडाशी त्याच्याशिवाय कुणी उभं राहत नसे. बांबूच्या बेटाखाली भर दुपारी अंधारलेलं, कुजक्या पानांचा वास. पलीकडे झाडीत डफ वाजू लागला. भैय्यालाल हलक्या आवाजात बोलू लागला.

"माझी भाची होती, फुलवंता. माझ्या बहिणीची, कुंताची, एकुलती एक. बाईमानसानं भाल्याले हात लावला त शिकार भेटत नाई, असं आम्ही मानतो. तिले सांगितलं त म्हने, मामा, डुक्कर का पाहून येते, समोर बाई हाय का मानूस?"

त्यानं भाल्याच्या टोकानं पायांजवळची जमीन दाखवली.

"तीन साल झाले. इथंच उभी केली तिले. मी त्या दरडीवर होतो. डुक्कर वळला, मले दिसला. हाक माराची होती… नाई मारली. वाटलं, पोरगी भेईन, पळन, पुन्हा शिकारीचं नाव नाई काढणार."

"मग?"

"पोरगी पळालीच नाई."

डफ जवळ आला. पाचोळा खसखसला. तेवढ्यात नाल्यातून, अगदी आमच्या पायांखालून, मुलीचा दबका, घाईचा आवाज आला.

"मामा… हटा… येऊन राह्यला…"

भैय्यालाल हलला नाही. डोळे मिटून उभा राहिला. मी त्याला खेचून पाडलं. काळं धूड आम्हाला घासून गेलं.

"काहून वाचवलं?" तो जमिनीवरूनच पुटपुटला. "दर हाक्याले सांगते. मी नाई सांगितलं… अन् ते पोरगी मले सांगते."

डुक्कर नाल्यापल्याड मरून पडलेलं सापडलं. बरगडीत भाल्याची ताजी जखम होती. मुंडकं मारणाऱ्याच्या घरी जायचं, हा रिवाज. हाक्याचा म्होरक्या सोमाजी एकेकाचा भाला पाहत गेला. सगळे कोरडे.

"कुंताच्या घरी न्याचं," भैय्यालाल म्हणाला.

दिवस मावळताना आम्ही दोघं मुंडक्याची टोपली घेऊन एकट्या राहणाऱ्या कुंताबाईच्या दारात उभे राहिलो. तिनं टोपलीकडे पाहिलंच नाही. ती आमच्या खांद्यांवरून मागे पाहत राहिली. चेहरा हळूहळू उजळला.

"दादा," ती म्हणाली, "पोरीले काहून मागं उभी ठेवली? पुढं येऊ दे ना तिले…"

वळून पाहायचं धैर्य मला झालं नाही. भैय्यालाल मात्र, मागून कुणी हात लावावा तसा दचकला आणि बाजूला सरून त्यानं वाट दिली.

कुंताबाईनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आत दोघींचं बोलणं सुरू झालं.