उपाशी पट्टा

"बाई, माती चोरताय ती चोरा, पण निदान चांगली तरी चोरा! हा कोपरा अगदीच भुकेकंगाल आहे."

ती दचकून मागे वळली. हातात माती काढायचं गिरमिट, बूट चिखलाने माखलेले, आणि समोर एक उंच तरुण... ओठ दाबून हसणारा. थंडी सरत आली होती, पण धुकं एवढं दाट की बांधसुद्धा दिसत नव्हता. म्हणूनच तर घोटाळा झाला! ज्या शेताची माती काढायची ते राहिलं बाजूला, आणि माती-तपासनीस बाईंनी शेजारच्याच गव्हात भोकं पाडून ठेवली होती.

"हे... हे शेत तुमचं?"

"काल संध्याकाळपर्यंत तरी होतं."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं तिला झालं. पण काढलेली माती फेकून देणं काही तिच्या स्वभावात बसेना. तिने ती प्रयोगशाळेत नेऊन तपासली आणि आठवड्याने भरपाई म्हणून फुकट सल्ला घेऊन हजर झाली.

"भुकेकंगाल कसली? तुमच्या जमिनीत नत्र मुळातच भरपूर आहे. आधी इथे वाटाणा होता ना? त्याची पुण्याई. या वसंतात युरिया निम्माच घाला. दरसाल गहू आडवा पडतो म्हणता, तो का? खाऊन खाऊन सुस्तावतो म्हणून!"

"निम्मा?" त्याचे डोळे कपाळात गेले. "आमचा हात वडिलांपासून सढळ आहे हो, बाई."

"दिसतंच आहे, सढळराव!"

झालं! नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यानेही मग तिला 'मातीबाई' करून टाकलं.

"पण मला पुरावा हवा," तो म्हणाला.

"मग एक पट्टा सोडा. त्याला खताचा कणसुद्धा घालायचा नाही. जमीन आपल्या जिवावर किती देते ते त्यात दिसेल, मग बाकीच्याला किती द्यायचं ते ठरवू."

"म्हणजे उपाशी ठेवायचा? आणि बघायला कोण येणार?"

तिने गिरमिट पुसता पुसता मान खाली घातली. "मीच येईन की..."

आणि ती आली. त्या वसंतात आली, पुढच्या आली, त्याच्याही पुढच्या आली. उपाशी पट्ट्यातला गहू फिकट पिवळा, शेजारचा गर्द हिरवा. दोघं मधल्या वाटेने चालायचे. तो एक पान इकडचं तोडायचा, ती एक तिकडचं. रंग ताडून बघताना बोटाला बोट लागायचं... आणि मग दोघंही पानाकडेच बघत राहायचे, जणू त्यावर काही लिहिलंय!

"मातीबाई, तुमचा चहा. बिनसाखरेचा."

"लक्षात राहिलं?"

"गोड बोलणाऱ्यांना साखर लागत नाही म्हणे."

"पुरे! खताचा पहिला हप्ता दिलात ना? दुसरा थांबवा. आधी पिकाचा रंग बघू. घाई नको."

घाई नको, हा तिचा मंत्रच होता. खताच्या बाबतीत तो सोळा आणे खरा. पण बाईसाहेबांनी तोच मनालाही लावला, त्याला काय म्हणावं? तो आवडत होता, अगदी जीव टाकावा इतका आवडत होता. पण आधी तो काय म्हणतो ते बघू... मग आपण बोलू.

चौथ्या वसंतात तिच्या लक्षात आलं की तिने तोंड उघडायच्या आधीच तो खताचा आकडा बरोबर सांगतोय. मन चरकलं. तिचं येणं म्हणजे त्याचं पट्टाभर पीक बुडणं, आणि आता त्याला कारणही उरलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी पट्टा ठेवू नका," ती म्हणाली. "उगाच नुकसान होतं. तुमचं आता माझ्यावाचून अडत नाही."

बारीक भुरभुर सुरू झाली होती. पापण्यांवरचं पाणी न पुसता ती उभी राहिली. तिला दोनच शब्द हवे होते, 'तरी या'. त्याने हातातल्या पानाची गोळी केली, ती खाली टाकली आणि म्हणाला, "बरं."

बरं! खताला सढळ, आणि बोलायला हा असला कंजूष! गाडीत बसून ती ढसाढसा रडली.

वर्षभर तिने मनाशी भांडून पाहिलं. शेवटी वसंत आला तसं ठरवलं, की खड्ड्यात गेला मानपान, आपणच सांगायचं. नवा निळा स्वेटर घालून ती निघाली आणि वाटभर एकच वाक्य घोकत राहिली, 'मला तुम्ही आवडता.'

शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं हिरवं होतं. इतका देखणा गहू तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिची नजर मात्र वेड्यासारखी पिवळा पट्टा शोधत होती.

फाटकात त्याची आत्या भेटली. "अगं मातीबाई! ये, ये. बरं झालं आलीस. लग्न ठरलं बरं का त्याचं! पोरगी गुणाची आहे." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून आत्याचा आवाज उतरला. "मला वाटायचं, तुझ्याशीच जमेल. अगं, खताचं त्याला दुसऱ्याच वर्षी कळायला लागलं होतं, शेजारीपाजारी त्याला विचारून खत टाकायचे. मी म्हणायची, मेल्या, चांगला गहू उपाशी का मारतोस? तर म्हणायचा, आत्या, पट्टा गेला तर ती कशाला येईल?"

तो पट्टा तिने स्वतःच तर मोडला होता!

तेवढ्यात तो बांधावरून आला. तिला पाहून पाऊल अडखळलं. आत्या शहाणी, ती हळूच घरात गेली.

"छान आलाय गहू," ती म्हणाली.

"तुमचीच शिकवण."

"तेव्हा 'तरी या' म्हणायला काय तोंड शिवलं होतं तुमचं?"

त्याने हाताची माती झटकली. मग हळूच म्हणाला, "चार वर्षं माझ्या गव्हाचा रंग बघितलात, मातीबाई... माझ्या तोंडाचा एकदा बघायचा होतात."

"आज बघतेय."

"आज मी शब्द देऊन बसलोय. आणि ती... ती खरंच चांगली आहे हो."

"मग पाळा शब्द," ती म्हणाली. घोकलेलं वाक्य तिने गिळलं. पण गळ्यातून उतरेना, म्हणून शेवटी बोलूनच टाकलं. "मला तुम्ही फार आवडता. एवढं सांगून जाते."

त्याने डोळे मिटले. "मलाही," एवढंच म्हणाला.

ती गाडीपाशी पोचली तेव्हा तो मागून धावत आला. तिला क्षणभर थांबवायला त्याच्याकडे दुसरं काय होतं?

"दुसरा हप्ता... कधी देऊ?"

तिने शेताकडे पाहिलं. पान तोडलं नाही, रंग ताडला नाही.

"आजच द्या," ती म्हणाली. "थांबू नका."

जन्मात पहिल्यांदा तिने घाई करायला सांगितलं होतं, आणि तेही गव्हासाठी.