पहिली पंगत पाहुण्यांची

कर्जतच्या शाळेचं गॅदरिंग. पौर्णिमाने "उपस्थित मान्यवर, पाहुणे आणि श्रोते" एवढं म्हटलं आणि माइक बंद पडला. साउंडवाला कपिल स्टेजवर आला, वायरीशी खटपट केली आणि उतरता उतरता हळूच म्हणाला, "मान्यवर झाले, श्रोते झाले... आमी कशात?"

निवेदन करताना पौर्णिमा कधी अडखळत नसे. त्या दिवशी मात्र पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

पुढे कार्यक्रम कोंडाण्याला असो की कर्जतला, बोलणारी ती आणि आवाज देणारा तो. दर वेळी तो विचारायचा, आमच्यासाठी शब्द सापडला का? ती म्हणायची, शोधतेय. खरं तर त्याने विचारावं म्हणूनच ती निवेदनं घेऊ लागली होती.

लोधिवलीत तिच्या ताईचं लग्न ठरलं आणि तिने घोळ घातला. कपिलला एक दिवस तरी आराम मिळावा म्हणून साउंडचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याच्या हातात पत्रिका ठेवली.

"सापडला म्हणायचा शब्द," तो म्हणाला. "पाहुणा." त्या दिवशी तो चहालाही थांबला नाही.

लग्नाला मात्र आला. "बसा पाहुणे," म्हणत बाबांनी त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. पाहुणे आधी जेवणार, घरचे वाढणार आणि शेवटी बसणार, ही रीतच. जेवला की हात धुऊन हा निघणार, आणि पुन्हा कधी काही विचारणार नाही...

पौर्णिमा वरणाची बादली घेऊन थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"उठा. ही पंगत पाहुण्यांची आहे."

भरल्या पानावरून माणूस उठवायचा! कपिलचा चेहरा पडला. "अन् मी?"

"तुम्ही माझ्याबरोबर. शेवटच्या पंगतीला." तिने बादली त्याच्यापुढे धरली.

कपिल उठला, बादली घेतली. बायजाआत्याने डोळे मोठे करून बाबांकडे पाहिलं. बाबा पंगतीच्या टोकाकडे हात करून म्हणाले, "कपिल, तिकडं वरण नाय पोचलं रं."

शेवटच्या पंगतीपर्यंत भाजी संपली होती. दोघांनी शेजारी बसून वरणभातावर भागवलं.