तिघांचा प्रतिदेह

रविवारचं पोहणं, सायकल आणि पळणं आटोपलं की 'रामप्रहर' मंडळाची माणसं मिसळीच्या दुकानात जमत आणि कटात पाव बुडवता बुडवता स्वतःलाच पळताना बघत बसत. फोन पाण्याच्या जगाला टेकवून उभा करायचा आणि आपापला प्रतिदेह सुरू करायचा. पडद्यावर एक निळसर आकृती समुद्रात उतरे, बाहेर येऊन सायकलवर बसे आणि शेवटी धावू लागे. ज्यांना पोट होतं त्यांच्या आकृतीलाही पोट असे. दातांचे डॉक्टर प्रसन्न हेरवाडे पळताना डावा खांदा पाडतात, हे त्यांची बायको कैक वर्षं सांगत होती. ते त्यांना पटलं प्रतिदेह आल्यावर.

प्रतिदेह म्हणजे आकड्यांचं शरीर. छातीवर जुन्या रुपयाएवढी एक चिकटी लावायची. ती हृदयाचे ठोके, घामातलं मीठ, स्नायूंचा थकवा असं सगळं टिपत राहते. महिना-दीड महिन्यात त्यावरून संगणक अगदी तुमच्यासारखं वागणारं एक शरीर उभं करतो आणि त्याला शर्यतीत आधीच पळवून बघतो. कोणाला किती सोसेल हे त्यालाच ठाऊक, म्हणून दर आठवड्याचा सरावाचा आराखडाही तोच देतो. सरावात आणि शर्यतीत राखण करते तीही ही चिकटीच. ठोके प्रतिदेहाच्या मर्यादेबाहेर गेले की ती छातीवर गुरगुरते आणि शर्यत असेल तर आयोजकांच्या होडीला निरोपही जातो. ज्याचा प्रतिदेह वेळेत पोचत नाही त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, असा नियम आता सगळ्याच ट्रायथलॉनना लागू झाला होता.

मंडळाच्या रीती मात्र संगणकाच्या आधीच्या होत्या. आराखडा आला की तो सगळ्यांना दाखवायचा. मिसळ टेबलावर यायच्या आत प्रत्येकाने आपलं ध्येय मोठ्याने बोलून दाखवायचं. आणि कुणी मागे पडला तर त्याला एकटं सोडायचं नाही. पुढचा सगळा घोळ या शेवटच्या रीतीने केला.

वैजयंती सरनोबत यांचं कोल्हापुरात महाद्वार रोडला चष्म्यांचं दुकान. पन्नाशी लागली त्या रविवारी त्यांनी ध्येय सांगितलं होतं की यंदा कोकणातली शर्यत पुरी करणार. लहानपणी त्यांना दमा होता. पीटीच्या तासाला बाई त्यांना मैदानाच्या कडेला बसवायच्या आणि बाकीच्या मुली पळायला जाताना आपल्या चपला त्यांच्या राखणीला ठेवून जायच्या. पुढे दमा गेला, पण कडेला बसल्याची सल काही गेली नाही. पंचेचाळिशीत त्या पोहायला शिकायला गेल्या, तेव्हा पहिल्या दिवशी राजाराम तलावाच्या पायरीवर नुसत्या उभ्या राहून घरी आल्या होत्या. शर्यत पुरी करायची म्हणजे काय, हे त्या पायरीला माहीत होतं.

आणि शर्यतीला अडीच महिने उरले असताना गडहिंग्लजला त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. सरावाला सुट्टी द्यावी तर प्रतिदेह आठवड्याभरात ढेपाळणार आणि शर्यतीचं दार बंद होणार. मंडळातला सगळ्यांत वेगवान पळणारा, फरशीचं दुकान चालवणारा अश्फाक शिकलगार यावर तोड घेऊन आला.

"ताई, चिकटी द्या हिकडं," तो म्हणाला. "तुम्ही आईंकडं बघा. तुमच्या वाट्याचं मी पळतो."

"अरे, पण असं चालतं का?"

"न चालायला काय झालं? काळीज कुणाचं का असंना, ठोके तर पडत्यात न्हवं?"

वैजयंतीबाईंनी थोडे आढेवेढे घेतले आणि चिकटी दिली. दोन आठवड्यांपुरतं म्हणून सुरू झालेलं ते प्रकरण दीड महिना चाललं. पळण्याच्या दिवशी चिकटी अश्फाककडे. सायकलच्या दिवशी डॉक्टर हेरवाडे ती स्पिरिटने पुसून स्वतःच्या छातीवर लावत. दोघांचा स्वतःचा सराव वेगळा चालूच होता, आणि पोहण्याचे आकडे तेवढे वैजयंतीबाईंचे जुनेच राहिले. आपण काही लबाडी करतोय असं कुणालाच वाटलं नाही. शेजाऱ्याच्या घरी कार्य असलं की आपण वाढायला उभे राहतो, त्यातलाच हा प्रकार होता.

आई काठी घेऊन चालू लागली आणि वैजयंतीबाई परतल्या. त्यांचा प्रतिदेह ठणठणीत होता. तो जो आराखडा द्यायचा तो मात्र जीव काढणारा. सवय मोडली म्हणून जड जातंय, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं आणि ढीगभर शाबासक्या दिल्या. एका रविवारी वाघबिळाच्या चढावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी छातीवरच्या चिकटीला हात लावून पाहिला. ती गप्प होती. चिकटी गप्प आहे त्याअर्थी आपलंच मन कच्चं, असं म्हणून त्या पायडल मारत राहिल्या.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा पुण्याहून निहारिका दामले आली. प्रतिदेह बनवणाऱ्या संस्थेत ती संशोधक होती. ती सरळ मिसळीच्या दुकानातच आली आणि वैजयंतीबाईंसमोरची खुर्ची ओढून बसली.

"ताई, मला तुम्हाला बघायचंच होतं," ती म्हणाली. "पळण्याच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक प्रतिदेह एका जागी सैल पडतो. शरीरात ताकद शिल्लक असते, पण माणूस हात राखतो. त्या जागेला आम्ही उंबरठा म्हणतो. मी हजारो प्रतिदेह तपासलेत. त्या उंबरठ्यावर न थांबणारा एकच सापडला, तो तुमचा. कसं जमतं तुम्हाला हे?"

डॉक्टरांनी पाव मोडला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला. अश्फाकच्या पोटात गोष्ट राहत नाही हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघायला लागले.

"मॅडम, ते ताईंचं न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे नाव ताईंचं हाय. पाय माझे हुते. आनि सायकलीवर डॉक्टर."

मग त्याने सगळं सांगितलं. निहारिकाचा चेहरा आधी पडला. एवढ्या लांबून जे बघायला आली ते मुळात नव्हतंच. पण हळूहळू तिच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी आली. "गेल्या महिन्याभरात तुम्हाला कधी त्रास झाला होता का?" तिने वैजयंतीबाईंना विचारलं.

त्यांनी वाघबिळाच्या चढाची गोष्ट सांगितली. निहारिकाने हातातल्या पडद्याच्या पाटीवर तो रविवार शोधून काढला आणि त्यातले ठोके प्रतिदेहाच्या मर्यादेशी ताडून पाहिले.

"तुमच्या वयाच्या कुणालाही चिकटीने याच्या कितीतरी आधी थांबवलं असतं," ती म्हणाली. "पण तिच्या हिशेबी ते शरीर तुमचं नव्हतंच. हृदय अश्फाकभाईंचं, मांड्या डॉक्टरांच्या. त्या दोघांना एवढे ठोके रोजचेच. ताई, ही चिकटी तुमची राखण करतच नव्हती."

"मी डॉक्टर आहे," हेरवाडे हळू आवाजात म्हणाले. "दातांचा का असेना. मला हे सुचायला हवं होतं."

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आणि हे आपण कुणाला सांगितलंच नाही तर?" त्यांनी निहारिकाला विचारलं.

"तर समुद्रात तुमच्यावर कुणाचंच लक्ष नसेल. आणि मला गप्प बसता येणार नाही. नवा प्रतिदेह उभा राहायला दीड महिना जाईल."

म्हणजे शर्यत गेली. वैजयंतीबाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "तुमच्यावर राग नाही रे," त्या अश्फाकला म्हणाल्या, "तुम्ही जीव तोडून केलंत. पण बघ ना, शाळेत मी चपला राखत बसायची आणि दुसऱ्या पळायच्या. आता चारचौघांत ध्येय सांगितलं, तरी पळालास तूच. मी पुन्हा कडेलाच." डोळे पुसून त्यांनी चिकटी काढली आणि टेबलावर ठेवली. "पुसून टाक गं हे सगळं."

निहारिका पुसणार होती. पण संशोधकाचा हात असा सहजासहजी पुसायला धजत नाही. तिने अश्फाकचा स्वतःचा प्रतिदेह उघडला, मग डॉक्टरांचा. दोन्ही आकृत्या चारचौघांसारख्याच उंबरठ्यावर येऊन सैल पडल्या.

"हे मला कळत नाही," ती म्हणाली. "पाय तेच, हृदय तेच. अश्फाकभाई, स्वतःची चिकटी लावून पळताना तुम्ही इथे हात राखता. ताईंची लावलीत तेव्हा दीड महिन्यात एकदाही राखला नाहीत. का?"

अश्फाकने डोकं खाजवलं. "आता काय सांगू? आपलं असतं तर चाललो असतो जरा. कोण बघतंय? पन ताईंचं नाव हुतं. दुसऱ्याचं काम घेतलं आनि अर्ध्यात टाकलं, असं कसं करायचं?"

"माझंही तेच," डॉक्टर म्हणाले. "स्वतःच्या सायकलला मी कारणं सांगतो. ताईंच्या सायकलला काय कारण सांगणार?"

"आमच्या गणितात यासाठी जागाच नाही," निहारिका म्हणाली. "ठोके आहेत, मीठ आहे. कुणासाठी पळताय, हे कुठेच नाही." मग ती म्हणाली, "आणि ही गोष्ट चांगली की वाईट, तेही मला सांगता येत नाही. शरीर हात राखतं ते उगाच नसेल. वाघबिळाच्या चढावर ताईंना वर ढकललं ते याच आकड्यांनी."

तिने तिघांचा तो प्रतिदेह आपल्याकडे अभ्यासाला ठेवून घेतला आणि वैजयंतीबाईंच्या नावावरून काढून टाकला.

आता आम्हीही शर्यतीला जात नाही, असं अश्फाक आणि डॉक्टर म्हणू लागले. वैजयंतीबाईंनी दोघांना फैलावर घेतलं. "माझ्या एकटीची बुडली तेवढी पुरे झाली. तुमची बुडवून वर ओझं देऊ नका माझ्या डोक्यावर." दोघे गेले, वेळेत पोचले आणि पदकं खिशात घालूनच परत आले. उंबरठ्याच्या जागी दोघेही थोडे चालले होते, प्रतिदेहाने सांगितलं होतं तसेच.

त्याच सकाळी वैजयंतीबाई कोरी चिकटी लावून राजाराम तलावात उतरल्या. निहारिका मुद्दाम थांबली होती, ती पायरीवर बसून पाटीकडे बघत राहिली. चिकटीला अजून या शरीराची काही ओळख नव्हती, म्हणून ती जरा जास्तच घाबरट होती. थोडं पोहलं की गुरगुरायची. वैजयंतीबाई तिला एक कोल्हापुरी शिवी हासडत, पाठीवर तरंगत श्वास घेत आणि पुन्हा हात मारायला लागत. पुढचा दीड महिना त्यांनी चिकटी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नाही. आराखडा आता साधा येई, काही वेळा तर अपमान वाटावा इतका साधा, पण तो त्यांचा होता. अश्फाक त्यांच्यासोबत पळायला येई आणि सवयीने पुढे निघून जाई, मग ओशाळून माघारी फिरे.

नवा प्रतिदेह तयार झाला त्या रविवारी निहारिका पुन्हा आली. फोन पाण्याच्या जगाला टेकवला आणि मंडळ भोवती गोळा झालं. निळी आकृती बारीक चणीची होती. ती समुद्रातून बऱ्याच वेळाने बाहेर आली. सायकल तिने नेटाने पुरी केली. पळू लागली, बरंच पळाली, आणि नारळीच्या बागेपलीकडच्या चढावर तिची चाल मंदावली. मग ती चालू लागली. मग उभी राहिली, आणि वेळ संपली.

डॉक्टरांनी उगाचच तर्री मागवली.

"ही मात्र मीच," वैजयंतीबाई म्हणाल्या. वाईट वाटलंच त्यांना, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कडेला बसलेली नाही, तर रस्त्यावर उभी असलेली स्वतः त्यांना दिसत होती. त्यांनी ती शर्यत पुन्हा सुरू केली आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकून बघितली.

"मिसळ येईल आता," डॉक्टर जपून म्हणाले. "ताई, आता नवं ध्येय?"

"सांगते. आधी हिला एक विचारू दे." त्या निहारिकाकडे वळल्या. "या रस्त्यावर दुसरं कुणीच कसं दिसत नाही?"

"प्रत्येकाचा प्रतिदेह एकटाच पळतो, ताई. तसाच बनवलाय आम्ही."

वैजयंतीबाईंनी चढावर थांबलेल्या त्या आकृतीवर बोट ठेवलं.

"मग ही इथं थांबली, ती दमली म्हणून, की सोबत कुणी नव्हतं म्हणून?"