करंगळीशेजारचं बोट

हे घडलेलं आहे. कुणाला पटवायला मी बसलेली नाही. आई या विषयावर तोंड उघडत नाही, आणि दुकानात सांगितलं तर उद्यापासून माझ्याकडून कुणी डोळे तपासून घेणार नाही. म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. बुधवारची भर दुपार होती. आमचं चष्म्याचं दुकान बुधवारी बंद असतं, म्हणून मी घरी होते.

जागा म्हणजे दादाची खोली. आमच्याच घरातली, मागची. भिंतींना फोम, खिडकी कायमची बंद, टेबलावर दोन स्पीकर. माझा मोठा भाऊ जाहिरातींना, मालिकांना संगीत करायचा. हार्ट अटॅकने गेला. त्यानंतर त्या खोलीत फक्त आई जायची, पुसायला.

दादाला राग यायचाच नाही. कुणी कामाचं श्रेय लाटलं, कुणी ऐनवेळी टांग मारली, तरी त्याचं आपलं एकच. "जाऊ दे गं."

त्याच्या वाट्याचा राग लहानपणापासून मीच करत आले.

आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त केला, तोच त्या दुपारी दारात उभा होता. दादाचा पार्टनर. आम्ही घरात त्याला गोडबोल्या म्हणतो. पहिल्या कामावर दोघांची नावं होती. मग गोडबोल्याचं नाव आधी आलं. मग दादाचं बारीक अक्षरात गेलं. मग गेलंच.

"काकू, एक तासाचं काम आहे," तो आईला म्हणाला. "त्याचा कीबोर्ड घेऊन जातो, संध्याकाळी आणून देतो."

"न्यायचा नाही," आई म्हणाली. "काय करायचंय ते इथे बसून कर."

त्याला तो कीबोर्ड का हवा होता, तेही सांगते. एका मालिकेसाठी दादाने शीर्षकाची धून केली होती. त्याची शेवटची. फार सुंदर आहे, पण शेवटाच्या जरा आधी थांबते. फाईल गोडबोल्याकडे होती, शेवट नव्हता. दादाने नॉब आणि बटणं आपल्या सोयीने लावली होती आणि ती सेटिंग कीबोर्डच्याच आत होती. त्यावर वाजवलं की सुरांचा चढउतार दादासारखा येतो, म्हणजे शेवटसुद्धा दादाचाच वाटणार.

मी दार उघडायच्या आधी तो जिन्यात फोनवर बोलत होता. मी आतून ऐकलं.

"हो सर, माझीच चाल आहे. शेवट तेवढा आज बसवतो."

माझीच चाल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच हाकलणार होते. पण आई मागून हळूच म्हणाली, "बसू दे. त्या खोलीतून एकदा आवाज येऊ दे."

आईसाठी मी तोंड मिटलं. पण खोलीतून हलले नाही.

त्याने लॅपटॉप उघडला, कीबोर्डची वायर लावली. दिवा लागेना. वायर बदलली, मग लागला. सॉफ्टवेअरच्या यादीत कीबोर्डचं नाव आलं. त्याने नवीन ट्रॅक घेतला, रेकॉर्डिंगचं लाल बटण चालू केलं आणि पट्टी दाबली.

शांतता.

"बिघडलाय का रे?" आईने दारातून विचारलं.

"नाही काकू. याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी आणि किती जोरात दाबली, एवढंच हा कॉम्प्युटरला कळवतो. वाद्य आत निवडायचं राहिलंय."

त्याने पियानो निवडला. आवाज आला. आई समाधानाने आत गेली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. दादाच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात जोर नव्हता. खूप वर्षांपूर्वी कार्यक्रमानंतर सामान भरताना ते व्हॅनच्या दारात चेंगरलं. "चुकून लागलं," एवढंच तो म्हणाला. दार कुणी लावलं ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून त्या बोटाचा प्रत्येक सूर अगदी हलका यायचा.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराखाली एक उभी काडी दिसते. जोरात वाजवलं तर उंच, हळू वाजवलं तर बुटकी. वाजवून झालं की दादा त्या बोटाच्या बुटक्या काड्या माऊसने एकेक वर ओढायचा. मी शेजारी बसून चहा प्यायचे. त्या काड्या मी झोपेतही ओळखेन.

गोडबोल्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. शेवट जुळवायला लागला. एक प्रयत्न भिकार, दुसरा त्याहून भिकार. वैतागून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आणि सूर चालूच राहिला...

"अडकला," तो म्हणाला. "होतं असं." सगळे सूर बंद करायचं एक बटण असतं, ते त्याने दाबलं.

सूर थांबला.

मग दुसरा आला... मग तिसरा.

त्याचे हात मांडीवरच होते.

त्याने सरळ वायर उपटली. कीबोर्डचा दिवा विझला. सॉफ्टवेअरच्या यादीतून नाव गेलं.

धून चालूच...

दादाची धून. पहिल्यापासून. पडद्यावर सूर उमटत होते आणि खाली काड्या. उंच, उंच, बुटकी. उंच, बुटकी...

मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. बरीच वर्षं शेजारी बसला होता तो.

मी घाबरून भिंतीला पाठ लावली. वाटलं, हा आता पळत सुटेल.

पण नाही. धून जिथे थांबायची तिथे आली, आणि न थांबता पुढे गेली. शेवट येत होता. गोडबोल्याने घाम पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आलं माहितीये? हसू!

"वाजव," तो कुजबुजला. "वाजव रे, राजा. रेकॉर्ड होतंय."

भीती गेली कुठल्या कुठे. मला फक्त संताप आला. त्याच्यावर नाही. दादावर. आयुष्यभर या माणसाने तुला ओरबाडलं. मेल्यावर परत आलास, तेही त्याला शेवट द्यायला? आईला हाक मारायला नाही, माझ्याशी बोलायला नाही. याच्यासाठी?

"दादा!" मी किंचाळले. "देऊ नकोस! एकदा तरी चीड!"

धून थांबली.

पंखा तेवढा फिरत होता.

मग एक सूर आला. हलका. त्या बोटाचा.

पुन्हा तोच. जरा जोरात.

पुन्हा.

पडद्यावर काडी वर सरकत होती. ती बुटकी काडी, जी दादाला कायम माऊसने ओढायला लागायची, ती आपोआप चढत होती. एकशे सत्तावीस हा सगळ्यात वरचा आकडा, त्यापुढे काडी जात नाही. ती तिथे पोचली आणि तिथेच राहिली. सूर बडवल्यासारखा येत होता. स्पीकरची जाळी थरथरत होती.

गोडबोल्याने स्पीकर बंद केले.

आवाज गेला. पण...

टक.

टक. टक.

टेबलावरच्या कीबोर्डची एक पट्टी खाली जात होती आणि वर येत होती. दिवा विझलेला. वायर जमिनीवर. नुसत्या प्लास्टिकचा आवाज, टेबल हलेल इतका.

"ए, बास," गोडबोल्या म्हणाला. "बास रे, बास..." आणि ती पट्टी दाबून धरायला त्याने हात पुढे केला.

काय झालं ते मला नीट दिसलं नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती. एक मोठा आवाज झाला. प्लास्टिकचा नाही.

दार आपटल्याचा. पत्र्याच्या दाराचा.

तो ओरडत मागे पडला. उजवा हात पोटाशी धरलेला. करंगळीशेजारचं बोट काळंनिळं.

आणि मग तो रडत जे बोलला, ते मी कानांनी ऐकलंय.

"मुद्दाम नव्हतं रे! त्या दिवशी सगळे तुझंच कौतुक करत होते... रागात लावलं मी दार. तुझा हात तिथे... मला वाटलं तू काढशील!"

त्याला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

दारात आई उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"कुठलं दार?" आईने विचारलं.

तो तसाच निघून गेला. चपलासुद्धा न घालता. लॅपटॉप न्यायला दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला. त्याआधी मी तो उघडून पाहिला. धूनही नव्हती, शेवटही नव्हता. ट्रॅकवर फक्त एक सूर, पुन्हा पुन्हा तोच, आणि खाली सगळ्या काड्या सारख्या उंचीच्या. मालिका सुरू झाली, तिला दुसरंच संगीत आहे. गोडबोल्या आता वाजवत नाही म्हणतात.

बरं झालं. मला त्याची कीव येत नाही. खरंच येत नाही.

कीबोर्ड मी खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून माळ्यावर ठेवलाय. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण एक विचार पाठ सोडत नाही. दादा कधी चिडला नाही. जन्मात नाही. त्या दुपारी चिडले होते ती मी. मी ओरडले आणि मगच ती पट्टी आपटायला लागली.

मागच्या आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाईकाने सगळ्यांसमोर माझा अपमान केला. चूक त्याची होती. मी घरी आले तेव्हा अंगाची लाही होत होती. कुणाला काही बोलले नाही. पाणी घेतलं आणि स्वयंपाकघरात आईसमोर बसले. डोळ्यांपुढे त्या माणसाचा चेहरा होता.

वर माळ्यावर आवाज झाला...

टक.

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू आधी शांत हो," ती म्हणाली. "त्याला उठवू नकोस."