दहाव्या वर्षीचा कुळाचार

'हिंदोळा' या करमणूक-उद्यानाच्या फाटकातून आत पाऊल टाकताच शरयू पाटणकरने आवळासुपारीचा तुकडा जिभेखाली धरला. दिवाळी सरली की बॅगेत सगळ्यांत आधी ही पुडी जायची. पायाखालची सरकती वाट हळूच हलली आणि कानाशी उद्यानाच्या यंत्राचा नेहमीचा गोड आवाज आला. शरयूताईंचं स्वागत असो, झंझावात त्यांच्यासाठी तयार आहे, असं तो सांगत होता.

झंझावात म्हणजे रोलर कोस्टर. शरयूचा नवरा श्रीरंग दुसऱ्या सरकत्या वाटेवरून डावीकडे, तळ्याकाठच्या बाकाकडे निघाला होता. त्याने हात हलवला, तिनेही हलवला. आता गाठ थेट संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पडणार. चार दिवसांची सहल, आणि चारही दिवस हे असंच.

हिंदोळ्यात रांगा नव्हत्या, गर्दी नव्हती, कुठे जाऊ आणि काय करू हा प्रश्नच नव्हता. पहिल्या भेटीत मनगटावर एक पट्टी बांधायची. ती नाडी, घाम, श्वास सगळं टिपायची आणि माणूस नेमका कुठे सुखावला ते हेरायची. पुढच्या वर्षीपासून दारं चेहरा ओळखून उघडत, आणि जिथे सुखाची नोंद नाही तिथली उघडत नसत. लोकांना ही सोय फार आवडली होती. या ठरलेल्या सुखाला उद्यानवाल्यांनी 'कुळाचार' असं घरगुती नाव दिलं होतं. दहाव्या भेटीत तो कायम व्हायचा, आणि मग जन्मभर त्यात बदल नाही. पाटणकरांची ही दहावी भेट होती.

शरयूला झंझावाताची भीती वाटायची. साधीसुधी नाही, पोटातून कळ यावी अशी. आनंदाने धडधडणारं काळीज आणि भीतीने धडधडणारं काळीज यंत्राला सारखंच. झंझावाताच्या दांड्यावर तिचे तळवे घामाने भिजले की पडद्यावर तिचा समाधानांक चढायचा आणि आवाज तिचं अभिनंदन करायचा. एका वर्षी ती धीर करून होड्यांकडे वळली होती. तिथलं दार उघडलं नाही. तिथे तुम्हाला समाधान मिळत नाही, ताई, असं आवाजाने इतक्या मायेने सांगितलं की तिला भांडताही येईना. कऱ्हाडला नातेवाइकांत तर शरयू म्हणजे भलतीच धाडसी असं नाव झालं होतं. हळूहळू तिचाही त्यावर विश्वास बसला. एवढं यंत्र सांगतंय तर आपल्याला ते आवडतच असणार, कळत नसेल एवढंच.

आणि खरं सांगायचं तर ती श्रीरंगसाठी येत होती. त्याचा रक्तदाब वाढलेला. वर्षातून चार दिवस तो त्या बाकावर शांत बसतो, तेवढंच त्याला सुख, असं तिला वाटायचं. आपल्या मळमळीपायी त्याचं सुख हिरावून घ्यायचं तिच्या मनात येत नव्हतं.

त्या दिवशी झंझावातातून उतरून तिने तोंड धुतलं. सरकती वाट तिला एका थंडगार खोलीत घेऊन गेली. श्रीरंग आधीच येऊन बसला होता. निशिगंधा नावाची एक तरतरीत मुलगी तिथली अधिकारी होती. तिने दोघांना पेढे दिले, अभिनंदन केलं आणि कुळाचार कायम करण्याची रीत समजावली. मनगटावर एक कडं चढवायचं, ते शिरांची ठेवण वाचतं, आणि झालं.

शरयूच्या हातात कडं चढेना. दोघं थेट पुतण्याच्या लग्नातून आले होते. मनगटापासून वर हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेल्या, त्याही चांगल्या घट्ट. निशिगंधाने विचारलं, काढता येतील का. कालच भरल्यात, वाढवायच्या नाहीत, असं शरयूने सांगितलं. मुलगी पेचात पडली.

श्रीरंगला नेहमीप्रमाणे मदत करण्याची घाई झाली. "अहो, त्यात काय, पहिल्या वर्षी केलं तसं करा की. तेव्हाही आम्ही लग्नातूनच आलो होतो, हिच्या हातात बांगड्याच बांगड्या. हिची पट्टी आखूड होती, ती मी कशीबशी बांधली. माझी लांब होती, ती हिला बांगड्यांच्या वर दंडाजवळ बसली. काही अडलं नाही."

निशिगंधाचा हात पेढ्यांच्या ताटावरच थांबला. पट्ट्यांची ती अदलाबदल शरयू पार विसरून गेली होती. पहिल्या वर्षी झंझावातात श्रीरंग बसला होता, खुळ्यासारखा ओरडत होता. ती तळ्याकाठच्या बाकावर शेंगदाणे खात बसली होती. त्याचं सुख तिच्या नावावर लागलं होतं, आणि तिचं त्याच्या.

"म्हणजे मला भीती वाटते ती खरीच आहे," शरयू म्हणाली. "नऊ वर्षं मला भीती वाटतेय, आणि मी कुणाला बोलले नाही. तुम्हाला इथे बरं वाटतं म्हणून."

श्रीरंगचा चेहरा उतरला. "मला कुठे बरं वाटतं? मी येतो ते तुझी हौस म्हणून. बाकावर बसून झोप यायची. यंत्र म्हणतंय, तुम्हाला बसणंच आवडतं. मला वाटलं, झालो आपण म्हातारे. म्हणून तर गडावर जाणं सोडलं मी. सगळे मित्र बोलवायचे."

शरयूला एकदम आठवलं. त्याचे गिर्यारोहणाचे बूट तिनेच कुणाला तरी देऊन टाकले होते. ऐन उमेदीत घरी बसलेला नवरा तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला, आणि तिला यंत्रापेक्षा स्वतःचाच राग आला.

निशिगंधा बिचारी घाबरली होती. तिने वर विचारलं, नियम शोधले. चूक मान्य झाली, जुनी नोंद पुसली. आता दोघांनी खऱ्या नावाच्या पट्ट्या, शरयूने दंडावर बसेल अशी लांब, बांधून उद्यान बंद होईपर्यंत फिरावं. समाधानांक जिथे चढेल तोच कुळाचार ठरेल आणि दोघांनी होकार दिला की कायम होईल. आणि नाहीच चढला तर? मुलीने पुन्हा नियम पाहिला. तर नाव यादीतूनच निघतं, ती म्हणाली, मग तुम्ही कुठेही जा, काहीही करा, कुठलंच दार तुम्हाला ओळखणार नाही, अडवणारही नाही. असं आजवर कुणाचं झालेलं नाही, हेही तिने काळजीने सांगितलं.

मग श्रीरंग झंझावातात गेला आणि शरयू बाकावर बसली. पहिल्या वर्षी झंझावात उघडा होता. वरून श्रीरंग रुमाल हलवायचा, ती खालून बघायची आणि दाणे खाता खाता हसायची. मधल्या काळात त्यावर राखाडी घुमट चढला होता. आता नुसता गडगडाट ऐकू येत होता. शरयू पट्टीवरच्या आकड्याकडे बघत होती. शांत व्हायला हवं असं मनाला बजावत होती, आणि बजावेल तसा आकडा उतरत होता. नऊ वर्षं जिथे बसायला जीव तळमळला, तिथे आता तिला सुखाने बसवेना.

श्रीरंग परत आला तो हिरवापिवळा होऊन. घुमटात काळोख होता, खाली कुणी बघत नव्हतं, ओरडायला मजा येईना, असं तो सांगत होता आणि मध्येच तोंडावर हात धरत होता. शरयूने पर्समधली आवळासुपारीची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"ही काय भानगड?" त्याने विचारलं.

"माझा खरा कुळाचार. दरवर्षी मळमळीवर हाच तर चालतो."

श्रीरंग हसायला लागला. तीही हसली. इतक्या वर्षांत हिंदोळ्यात दिवसाउजेडी ती दोघं एका बाकावर कधी बसलीच नव्हती. त्याने तिचा हात हातात घेतला. बांगड्या किणकिणल्या. तिला एकदम फार बरं वाटलं. हेच तर होतं पहिल्या वर्षी. तो वर होता म्हणून बाक सुखाचा होता, आणि ती खाली होती म्हणून झंझावात.

दोन्ही पट्ट्या एकाच वेळी थरथरल्या.

"अभिनंदन," कानाशी आवाज आला. "आपल्याला नवं समाधानस्थान सापडलं आहे. बाक, दुपारची वेळ, हातात हात, आवळासुपारी. दरवर्षी सर्व तयारी असेल. कायम करू का?"

श्रीरंगचा चेहरा खुलला. त्याने 'हो' म्हणायला तोंड उघडलंच होतं.

शरयूला पुढचं वर्ष दिसलं. त्याच्या पुढचंही. याच बाकावर त्यांना आणून बसवतील, पुडी ताटात घालून ठेवतील, आणि गोड आवाज सांगेल की आता हात धरा, आता हसा. तिने झटक्यात हात सोडवून घेतला आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"नाही म्हणा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नका. फाटक बंद होईपर्यंत अजिबात बघू नका. तोवर आकडा चढला नाही तर नाव यादीतून निघेल, आपण सुटू."

श्रीरंगला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने यंत्राला नाही म्हणून सांगितलं, ती नोंद पुसली गेली, आणि त्याने मान तळ्याकडे वळवली. आकडे उतरू लागले. दोघं अनोळखी माणसांसारखी बसून राहिली. आवाज मधूनमधून चौकशी करत होता, काही हवं आहे का, काही खुपतंय का.

ऊन कलायला लागलं. श्रीरंगचे खांदे हलताना तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. तो हसू दाबत होता. तिने ओठ घट्ट मिटले, पदर तोंडाशी धरला, बाकाच्या कडेवर नखं रुतवली. पट्टीवरचा आकडा थांबला, आणि एका अंकाने वर सरकला.

उद्यान बंद व्हायला अजून बराच अवकाश होता. तोवर इतका जवळचा माणूस शेजारी असताना, सुखी नसल्याचं सोंग माणसाने आणायचं तरी कसं?