एका लेनमध्ये दोन गाड्या

गोष्ट २०२३ सालची. जानेवारी महिना, उत्तरायण आठ दिवसांवर आलेलं, आणि बडोद्यातली बहुतेक प्रत्येक दुचाकी हँडलवर वाकवलेली तार मिरवत फिरत होती. पतंगाच्या मांज्यानं गळा कापू नये म्हणून ही तार. मैत्रेयीनंही लावली होती. गळा वाचला तिचा. बाकी जे व्हायचं ते त्या तारेमुळेच झालं.

मैत्रेयी सत्तावीस वर्षांची, घरोघरी जाऊन पेशंटांचे व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. राहायची निजामपुऱ्यात. भाऊ कॅनडाला गेला तेव्हा त्याची मोटरसायकल तिच्या वाट्याला आली होती. रोज सकाळी साडेआठला अकोट्याला मंदाकिनीबाईंकडे पहिली हजेरी, मग शहराच्या चार टोकांना आणखी चार घरं. खुब्याचं हाड मोडलेल्या मंदाकिनीबाई वयानं एक्क्याऐंशीच्या आणि जिभेनं सोळाच्या. पाच मिनिटं उशीर झाला की म्हणायच्या, "ये बाई, सावकाश ये. मी काही पळून जाणार नाहीये."

आणि उशीर व्हायचा तो एका माणसापायी.

फतेहगंजच्या पुढच्या सिग्नलला दोन मोटारींच्या मधून गाडी काढणं हा बडोदेकरांच्या हातचा मळ. पण तिथे रोज एक करडं हेल्मेट उभं असायचं. लेनच्या बरोब्बर मध्यावर, पांढऱ्या रेघेच्या चार बोटं अलीकडे, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं अढळ.

"साइड आपो ने, भाई!"

"आ लेन छे, बेन. गली नथी." मान न वळवता.

तीन दिवस तिनं हॉर्न वाजवला. चौथ्या दिवशी उशिराचा कळस झाला, तेव्हा ती त्याच्या आणि शेजारच्या मोटारीच्या मधल्या फटीत सरळ घुसली... आणि तिच्या तारेनं त्याचा आरसा धरला. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्नचा गजर. ही तार ओढतेय, तो आरसा ओढतोय, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना सोडायला तयार नाहीत.

शिट्टी वाजली.

त्या हिवाळ्यात लेनची मोहीम चालू होती. एका लेनमध्ये दोन दुचाक्या शेजारी-शेजारी दिसल्या की पावती; तीन पावत्या झाल्या की लायसन्स तीन महिने जमा. परमार जमादार सावकाश चालत आले. मिशा पांढऱ्या, आवाज देवळातल्या घंटेसारखा.

"कोण घुस्युं?"

"हुं तो मारी लेनमां ज हतो, साहेब," हेल्मेट म्हणालं.

पावती अर्थातच मैत्रेयीला. ती हेल्मेटच्या आत पुटपुटली, "दगड! नुसता दगड. याच्या आईनं माणसाऐवजी खांब जन्माला घातलाय."

आता बडोद्याच्या मराठी माणसाची एक जुनी खोड आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की जीभ आपोआप गुजराती होते. आणि समोरचाही आपल्यासारखाच असेल, हे काही केल्या सुचत नाही. त्यामुळे पुढचे दहा दिवस मैत्रेयी त्या करड्या हेल्मेटच्या मागे उभी राहून रोज नव्वद सेकंद मनमोकळी मराठी बोलली. खांबापासून सुरुवात करून ती ठोकळा, ओंडका, नंदीबैल इथपर्यंत पोचली. कधी कधी त्याचे खांदे हलायचे. तिला वाटायचं, सर्दी असेल. होऊ दे मेल्याला.

अकराव्या दिवशी उजवीकडे जरा जागा दिसली. ती पुढे सरकली, त्याच्या शेजारी येऊन थांबली आणि फणकारली, "रस्ता जसा काही आजोबांनी आंदण दिलाय!"

त्यानं काच वर केली. डोळे हसत होते.

"आजोबांनी नाही दिला. पण हे पट्टे मीच आखलेत. म्हणून जरा जीव आहे त्यांच्यावर."

स्वच्छ, लख्ख मराठी.

मैत्रेयीच्या कानशिलांवर जाळ आला. "म्हणजे... तुम्ही..."

"विहंग कारखानीस. राहणार समा. रस्त्यांवर पट्टे आखणाऱ्या कंपनीत इंजिनिअर." तो अदबीनं म्हणाला. "आईला सांगितलं मी खांबाचं. ती म्हणाली, मुलीची पारख चांगली आहे."

सिग्नल कधी हिरवा झाला, तिला कळलंच नाही. शिट्टी मात्र कळली.

"बेन," परमार जमादार पावतीपुस्तक उघडत म्हणाले, "फरीथी तमे?"

दुसरी पावती.

अकोट्याला पोचल्यावर तिनं मंदाकिनीबाईंचा पाय उचलता उचलता सगळी भडास ओकली. "आजी, आणखी एक पावती झाली ना, की लायसन्स गेलं तीन महिने! पाच घरं आहेत माझी. रिक्षानं फिरले तर तिसऱ्या घरी पोचेपर्यंत दुपार. कामच बंद पडेल. आणि तो तिथे उभा राहून हसतो!"

"अगं, हळू... पाय माझा आहे, त्याचा नाही," मंदाकिनीबाई कळवळल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "आमच्या वेळी कॉलेजात जाताना याच रस्त्यानं आम्ही सायकली जोडीनंच चालवायचो. मी आणि हे. हँडलला हँडल. कुण्णी शिट्टी वाजवली नाही. लग्नाचं विचारलं तेही सायकलीवर. मी होकार दिला आणि हे गटारात गेले."

"तुमचं बरं होतं, आजी."

"दिसायला कसा आहे गं खांब?"

"हेल्मेट घालतो," मैत्रेयी चिडून म्हणाली. "मला काय ठाऊक!"

पण डोळे तिला ठाऊक झाले होते.

त्यानंतर ती मुकाट त्याच्या मागे, एका गाडीचं अंतर ठेवून उभी राहू लागली. तिच्या तारेनं वाकलेला आरसा त्यानं सरळ केलाच नव्हता. त्यात तिला त्याचे डोळे दिसत, म्हणजे त्यालाही ती दिसत असणार. सिग्नलच्या नव्वद सेकंदांत तो मान मागे करून बोलायचा आणि ती पुढे वाकून ओरडायची. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आज शिव्या नाहीत? बरं नाहीये का?"

"समोर बघ. सिग्नल सुटेल."

"चौदा सेकंद आहेत अजून."

"आरसा दे इकडे, मी सरळ करून देते. वाकवला मीच होता."

"नको... मला असाच बरा पडतो."

 मैत्रेयीचं हेल्मेटच लाल होतं म्हणून बरं. आतलं काही बाहेर दिसत नव्हतं. काय वैताग होता तो! सकाळी सात वाजल्यापासून ओढणी कोणती घ्यायची याचा विचार, आणि तो रस्त्यावरच्या एका ठोकळ्यासाठी!

मार्चच्या पहिल्या शनिवारी तो सिग्नलला बोललाच नाही. पाठ ताठ, खांदे वर. सिग्नल सुटला. ती तिच्या लेनमध्ये, मधोमध, नियमानं चाललेली... आणि पुढे असलेला तो वेग कमी करत मागे पडला आणि चालत्या रस्त्यावर तिच्या शेजारी आला. हँडलला हँडल.

"मैत्रेयी, ऐक..."

"मागे हो! विहंग, मागे हो! माझी तिसरी आहे!"

"दोनच मिनिटं..."

"वेड लागलंय का तुला? लायसन्स जाईल माझं!"

पुढच्याच वळणावर परमार जमादार उभे होते. हात आडवा. मैत्रेयीनं गाडी थांबवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पाच घरं. मंदाकिनीबाईंनी कालच पहिल्यांदा आधाराशिवाय चार पावलं टाकून दाखवली होती.

"बेन, त्रीजी," जमादार म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

"साहेब, पावती माझी," विहंग गाडी स्टँडवर लावत गडबडीत मराठीतच म्हणाला. हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, कान लाल. "ही तिच्या लेनमध्ये होती. मधोमध. मी घुसलो."

जमादारांनी त्याला नीट न्याहाळलं. "तमे? अगियार वर्षमां एक चिठ्ठी नथी तमारी!" मग पेन काढलं. "कारण?"

"कारण लिहावं लागतं?"

"भाई, मोहीम छे. कारणनुं खानुं छे."

विहंगनं हेल्मेट सीटवर ठेवलं. मागे बस थांबली होती, बसवाल्यानं इंजिनसुद्धा बंद केलं. तो जमादारांना गुजरातीत म्हणाला, की सोमवारपासून वर्षभर राजकोटला बदली आहे, आणि बेनना एक गोष्ट सांगायची होती.

"तो कहो ने," जमादार म्हणाले.

तो तिच्याकडे वळला. "दोन महिने रोज तुझं ऐकतोय. खांब, ओंडका, नंदीबैल... राजकोटला हे काही ऐकू येणार नाही. मला करमायचं नाही, मैत्रेयी. एवढंच."

"हे सांगायला भर रस्त्यात घुसलास?" तिचा आवाज फाटला. "फोन करता येत नाही?"

"नंबर दिलास कधी?"

"मागितलास कधी?"

"मागे वळून मागायला नव्वद सेकंद पुरत नव्हते... म्हणजे, धीर पुरत नव्हता."

जमादार खाली बघून लिहीत होते. पावती फाडून त्यांनी विहंगच्या हातात दिली. कारणाच्या खान्यात एकच शब्द होता: अंगत. खासगी.

मैत्रेयीनं ती त्याच्या हातून ओढून घेतली, जमादारांचं पेन घेतलं, पावतीच्या पाठीवर दहा आकडे लिहिले आणि ती त्याच्या खिशात कोंबली. "ठोकळा," ती म्हणाली. "आता माझ्या लेनमधून बाजूला हो. आजी वाट बघताहेत."

परमार जमादार पुढच्या वर्षी निवृत्त झाले; ही हकिगत ते अजून सांगतात, फक्त त्यात बसवाल्यानं टाळ्या वाजवल्या असं जास्तीचं घालतात. मंदाकिनीबाई मैत्रेयीच्या लग्नात काठी टेकत स्वतःच्या पायांनी मांडवात आल्या, नवऱ्यामुलाला आपादमस्तक न्याहाळलं, आणि "खांब बरा आहे" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या, शेवटपर्यंत चालत्याफिरत्या. भावानं कॅनडाहून मोटरसायकलची चौकशी केली. ती हुंड्यात गेली, असं त्याला कळवण्यात आलं.

विहंग वर्षानं राजकोटहून परतला. ती पावती त्याच्या पाकिटात आहे. आकडे पुसट झालेत, त्याला पाठ आहेत. आता सकाळी समाहून दोन गाड्या निघतात, एकामागे एक, मध्ये गाडीभर अंतर. पुढे ती असते, मागे तो. आणि लाल सिग्नलला मैत्रेयी हेल्मेटच्या आत अजूनही पुटपुटते. फक्त हल्ली जरा मोठ्यानं... मागे ऐकू जाईल एवढं.